ॲस्ट्रोबायोलॉजी करायचीय? मग जिऑलॉजीचा फॉर्म का नाही भरत?

२०२५ च्या एप्रिलमध्ये के२-१८बी या ग्रहाची बातमी आली आणि तेव्हापासून बारावीच्या मुलामुलींच्या तोंडी ॲस्ट्रोबायोलॉजी, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा शोध, हे नाव सारखं यायला लागलंय. १२४ प्रकाशवर्षं लांबच्या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू असावा, पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म प्लवक बनवतात, मग तिथेही काहीतरी जगत असेल का, असा तो मामला, त्यात टीमचे प्रमुख निक्कू मधुसूदन हे भारतात जन्मलेले केंब्रिजचे प्राध्यापक, त्यामुळे आपल्याकडे उत्साह जरा जास्तच. उत्साह चांगला आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच्या मागोमाग घराघरात जो वाद सुरू झालाय, की या क्षेत्रात जायचं तर ग्रॅज्युएशन कशात करायचं, तो पार चुकीच्या अंगाने चाललाय असं मला वाटतं. एक पार्टी म्हणते फिजिक्स, कारण ताऱ्या-ग्रहांचा विषय. दुसरी म्हणते मायक्रोबायोलॉजी, कारण शेवटी जीव शोधायचाय. तिसरी म्हणते आधी बीटेक कर, हातात डिग्री येऊ दे, मग काय ते शोधत बस. आणि चौथी पार्टी परदेशातल्या एखाद्या युनिव्हर्सिटीचं ब्रोशर दाखवते ज्यात थेट ॲस्ट्रोबायोलॉजीचीच डिग्री मिळते. चौघंही भांडतात ते कुठला विषय जास्त जवळचा यावर. या क्षेत्रातला माणूस सकाळी लॅबमध्ये गेल्यावर नेमकं काय करतो, हे कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अठराव्या वर्षी ॲस्ट्रोबायोलॉजी नावाची डिग्री घेऊ नये. एक मूळ विषय घ्यावा आणि त्यात खोल जावं, इतकं की त्यातलं मोजमाप स्वतःच्या हाताने करता यावं आणि दुसऱ्याने केलेलं मोजमाप कुठे फसलंय ते पकडता यावं. केमिस्ट्री कुठल्याही परिस्थितीत सोबत ठेवावी, गणित बारावीला तोडू नये. आणि तो मूळ विषय निवडताना जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, जो आपल्याकडे यादीतसुद्धा नसतो, तो यादीत सगळ्यात वर ठेवून विचार करावा. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तर नक्कीच.

का, ते सांगतो. या क्षेत्राचा इतिहास बघितला तर एक गोष्ट सारखी सारखी दिसते. कुणीतरी म्हणतं जीव सापडला, किंवा सापडला असावा. मग वर्षानुवर्षं वाद चालतो. आणि तो वाद मिटतो तेव्हा बहुतेक वेळा मिटवणारा माणूस जीवसृष्टीबद्दल काही मोठं बोलणारा नसतो, एखाद्या उपकरणाची, एखाद्या खनिजाची, एखाद्या रासायनिक बंधाची बारीक माहिती असलेला असतो. के२-१८बीचंच घ्या. जेम्स वेब दुर्बिणीने काय पाहिलं? ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश, आणि त्या प्रकाशात कुठल्या तरंगलांबीला किती घट झाली याचा आलेख. तो आलेख डायमिथाइल सल्फाइडचाच की दुसऱ्या कुठल्या रेणूनेही तसाच बसतो, हा पहिला प्रश्न. तीन सिग्माचा दावा होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता ०.३ टक्के, पण दुसऱ्या गटांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला तेव्हा तेवढी खात्री उरली नाही. दुसरा प्रश्न, हा वायू जीवाशिवाय बनतच नाही का? तर ६७पी या धूमकेतूवर तो असल्याचं रोझेटा यानाच्या डेटातून २०२४ मध्ये समोर आलं, आणि प्रयोगशाळेत नुसत्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकूनही तो बनला. आता मला सांगा, या भांडणात कामाला काय आलं? स्पेक्ट्रोस्कोपी (प्रकाशाच्या आलेखावरून पदार्थ ओळखणं), फोटोकेमिस्ट्री (प्रकाशाने होणाऱ्या रासायनिक क्रिया), संख्याशास्त्र. जीव म्हणजे काय यावर चार तास बोलता येणं हे यात कुठेच कामाचं नव्हतं.

थोडं मागे जाऊ, व्हायकिंगपर्यंत, कारण ती गोष्ट प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याने नीट वाचायला हवी. १९७६ मध्ये दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. त्यांच्यात एक प्रयोग होता गिल्बर्ट लेव्हिन यांचा. मंगळाच्या मातीवर पोषक द्रावणाचे थेंब टाकायचे, त्यातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली, आणि मातीत कुणी ते खाऊन वायू सोडतंय का ते बघायचं. वायू आला. माती तापवून मारली की प्रतिसाद थांबला. जीव असता तर जसं व्हायला हवं तसंच झालं. पण त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला, जे माती तापवून त्यातले सेंद्रिय रेणू शोधत होतं, काहीच सापडलं नाही, फक्त थोडी क्लोरीनवाली संयुगं दिसली आणि ती पृथ्वीवरून आलेल्या सफाईच्या द्रावणाची असणार म्हणून बाजूला ठेवली गेली. सेंद्रिय पदार्थच नाहीत तर जीव कुठून असणार, असं म्हणून बहुतेकांनी फाइल बंद केली. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेलं मीठ सापडलं. २०१० मध्ये राफाएल नवारो-गोन्झालेस यांच्या गटाने अटाकामाच्या वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तर मातीतले सेंद्रिय रेणू जळून गेले आणि मागे नेमकी तसलीच क्लोरीनवाली संयुगं उरली. म्हणजे व्हायकिंगने सेंद्रिय पदार्थ शोधता शोधता स्वतःच जाळून टाकले असण्याची दाट शक्यता. यातून मंगळावर जीव होता असं सिद्ध होत नाही, आणि मातीतल्या तिखट रसायनांनी लेव्हिन यांचा प्रतिसाद समजावताही येतो, पण बत्तीस-चौतीस वर्षं जगभरातले शहाणे ज्या निष्कर्षावर बसून होते तो एका मिठामुळे हलला. हे मीठ तापवल्यावर ऑक्सिजन सोडतं हे केमिस्ट्रीच्या माणसाला नवीन नाही. आणि लेव्हिन स्वतः कोण होते? सिव्हिल इंजिनिअर. पुढे सॅनिटरी इंजिनिअरिंग. पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे लवकर कसं ओळखायचं या खटाटोपातून त्यांचा प्रयोग जन्माला आला. कुठल्या समुपदेशकाने मंगळावर जायचं म्हणून कुणाला सॅनिटरी इंजिनिअरिंग सुचवलं असतं?

आर्सेनिकवाली गोष्ट याहून बोचरी आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला एक जिवाणू आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो असा दावा सायन्स या नियतकालिकात आला, नासाने पत्रकार परिषद घेतली, जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार अशी हवा झाली. रोझी रेडफील्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी पेपर वाचला आणि साधे प्रश्न विचारले, की डीएनए नीट धुतला होता का, वाढवायच्या माध्यमात फॉस्फेटची अशुद्धी किती होती. केमिस्ट आधीपासून म्हणत होते की आर्सेनेटचा तसला बंध पाण्यात टिकत नाही, भराभर तुटतो, त्याच्यावर डीएनएचा कणा उभा राहील कसा. २०१२ पर्यंत दावा कोसळला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये सायन्सने तो पेपर मागे घेतला. कुणी लबाडी केली असं सायन्सनेही म्हटलेलं नाही, लेखकांनी मागे घ्यायला विरोधही केला, आणि मी त्या संशोधकांवर चिखलफेक अजिबात करणार नाही, धाडसी कल्पना मांडणारी माणसं विज्ञानाला लागतात. पण ती कल्पना ज्या जागी फसली ती जागा बघा. धुणं, शुद्ध करणं, बंध किती टिकतो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमधल्या गोष्टी.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो मला खरंच विचारात पाडतो. ते म्हणतात, या क्षेत्रातली मोठी माणसं बघा, त्यांनी पदवी कशातही घेतली होती, त्यामुळे एवढा काथ्याकूट कशाला. खरं आहे. हॅरल्ड युरी, ज्यांच्या लॅबमध्ये १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो आम्लं बनवली, त्यांची पहिली पदवी प्राणिशास्त्राची. कार्ल वूज, ज्यांनी १९७७ मध्ये आर्किया नावाची सजीवांची एक अख्खी वेगळी शाखा दाखवून दिली, त्यांची पदवी गणित आणि फिजिक्सची. जीवाच्या उगमाबद्दल १९२९ मध्ये लिहिणारे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेन, जे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, ते ऑक्सफर्डला गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले होते. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सिरिल पोनमपेरुमा. मूळचे श्रीलंकेचे, १९४८ मध्ये मद्रास विद्यापीठातून तत्त्वज्ञानात बीए, आणि तेच पुढे नासाच्या एम्स केंद्रात जीवाच्या उगमावरच्या संशोधनाचे प्रमुख झाले, १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत पृथ्वीबाहेरची अमिनो आम्लं दाखवणाऱ्या गटाचे प्रमुख तेच. मग तत्त्वज्ञानात बीए करून हे होत असेल तर?

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पोनमपेरुमा मद्रासहून थेट उल्केपाशी पोचले नाहीत. ते लंडनला गेले, बर्कबेक कॉलेजमध्ये पुन्हा पहिल्यापासून केमिस्ट्रीची पदवी घेतली, ती मिळाली १९५९ मध्ये, म्हणजे पहिल्या पदवीनंतर अकरा वर्षांनी, मग बर्कलीला मेल्व्हिन कॅल्व्हिन यांच्याकडे पीएचडी. युरी पहिल्या महायुद्धात रसायनांच्या कारखान्यात कामाला लागले आणि तिथून केमिस्ट झाले. म्हणजे प्रत्येकाने कधी ना कधी एका विषयाचा तळ गाठलाच, काहींनी उशिरा गाठला आणि त्याची किंमत वर्षांमध्ये मोजली. आता आपल्याकडच्या मुलाला ती वर्षं मिळतात का? अठ्ठाविसाव्या वर्षी परत पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतो म्हणणाऱ्या मुलाला घरातून काय उत्तर मिळेल ते मी सांगायला नको, मुलगी असेल तर त्याच्या दुप्पट. शिवाय आपली व्यवस्था विषयाच्या नावावर चालते. संशोधन आणि प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सीएसआयआर-नेट परीक्षेला फॉर्म भरताना लाइफ सायन्सेस, केमिकल, फिजिकल, अर्थ सायन्सेस यातला पेपर निवडावा लागतो, ॲस्ट्रोबायोलॉजीचा पेपर नाही. आयआयटीत एमएस्सीला जायच्या जॅम परीक्षेत जिऑलॉजीचा पेपर आहे, केमिस्ट्रीचा आहे, ॲस्ट्रोबायोलॉजीचा नाही. प्राध्यापकाच्या जाहिरातीत संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी असं छापलेलं असतं आणि तुमची पदवी संबंधित आहे की नाही हे ठरवणारा माणूस शास्त्रज्ञ असेलच असं नाही. अमेरिकेत चालून जातं म्हणून इथे चालेल असं धरून चालणं हे मुलांच्या जिवावरचं धाडस आहे, आणि ते करायला लावणारे आपण मोठे लोक त्याचा हिशोब देत नाही.

मग चौथी पार्टी म्हणते, भिंती तोडायच्या आहेत ना, मग पहिल्यापासून सगळं एकत्र शिकवणारी डिग्री वाईट कशी? या मुद्द्यात तथ्य आहे. फिजिक्सवाल्याला जिवाणूंची भाषा कळत नाही आणि मायक्रोबायोलॉजीवाल्याला स्पेक्ट्रम वाचता येत नाही म्हणून या क्षेत्रात खूप वेळ वाया गेलाय. पण भिंती माणसाच्या डोक्यातच तुटायला हव्यात असं नाही, टीममध्येही तुटतात. जयंत नारळीकरांचा बलूनचा प्रयोग आठवा. २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये हैदराबादच्या टीआयएफआरच्या केंद्रातून बलून सोडले, ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांमध्ये भरून खाली आणली आणि ती हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संस्थांमध्ये तपासली गेली. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं की त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला आर्यभटाचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं. ते जीव बाहेरून आले असं ठामपणे म्हणता येत नाही हेही इस्रोने तेव्हाच सांगितलं. या कामात नारळीकर काय मायक्रोबायोलॉजी शिकायला बसले होते? ते गणितातले, केंब्रिजचे सीनिअर रँगलर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले), विश्वरचनाशास्त्रज्ञ. पेट्री डिश सांभाळणारे लोक त्यात आयुष्य काढलेले होते, बलूनवाले बलूनमध्ये. प्रत्येकजण आपल्या जागी पक्का होता म्हणून तर आज वीस-पंचवीस वर्षांनी आपण त्या निकालावर शंका घ्यायची तर नेमकी कुठे घ्यायची, नळकांड्याच्या सफाईवर की खालची धूळ तेवढी वर चढू शकते का यावर, हे ठरवू तरी शकतो. सगळं थोडं थोडं येणाऱ्या दहा जणांची टीम केली असती तर?

आणि ज्या परदेशी युनिव्हर्सिट्यांची नावं घेतली जातात त्यांच्याकडे तरी नीट बघा. सिॲटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत, जिथे हा विषय फार गांभीर्याने चालतो, तिथे पीएचडी ॲस्ट्रोबायोलॉजी अधिक मूळ विषय अशी जोडीने मिळते, म्हणजे आधी तुम्ही जिऑलॉजीचे, ओशनोग्राफीचे किंवा ॲस्ट्रॉनॉमीचे विद्यार्थी. फ्लोरिडा टेकसारख्या ठिकाणी बीएस्सीच्या पातळीवर ॲस्ट्रोबायोलॉजी आहे, ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिथल्या मुलाला पुढे वळायला दहा रस्ते असतात. पण तिकडची फी भरून, कर्ज काढून, असलं नाव घेऊन परत आलेल्या मुलाला इथे कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते आधी बघा. भिंती कमी असलेलं शिक्षण हवं असेल तर ते आपल्याकडे आहे की. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमध्ये पाच वर्षांच्या बीएस-एमएसला सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित सगळ्यांनाच करावं लागतं आणि मग मुख्य विषय ठरतो. भुवनेश्वरचं नायसर, मुंबईत कलिन्याला असलेलं सीईबीएस, हेही त्याच जातीचे पर्याय. आयसरच्या ॲप्टिट्यूड टेस्टला चारही विषयांचे प्रश्न सारखेच असतात. पीसीबीवाल्या मुलीलाही ती देता येते, फक्त गणित सोडून दिलेलं असेल तर तिथे आणि आत गेल्यावरही दमछाक होते, म्हणून मी अकरावीतच सांगतो, बायोलॉजी आवडत असेल तर चारही विषय ठेव, मार्क थोडे कमी पडू देत. फिजिक्सचा मुलगा तिशीत बायोलॉजी शिकलेला बरेचदा दिसतो, गणित सोडलेल्याने पुढे ग्रहाच्या वातावरणाचं मॉडेल लिहिल्याची उदाहरणं मला फारशी माहीत नाहीत.

आता जिऑलॉजी. पृथ्वीबाहेरचा जीव शोधायला आपण आजवर कुठे हात लावू शकलोय? दगडांना. मंगळावरची गाडी दगड खरवडते, उल्का म्हणजे दगड, पृथ्वीवरचा सगळ्यात जुना जीव कुठला हे विचारलं तरी उत्तर दगडातच. २०१६ मध्ये ग्रीनलंडमधल्या ३७० कोटी वर्षं जुन्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे जिवाणूंच्या थरांनी बांधलेले उंचवटे, सापडल्याचं प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी ॲबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी जाऊन ते खडक दुसऱ्या बाजूने पाहिले. समोरून शंकूसारखे दिसणारे उंचवटे आडव्या बाजूने बघितले तर लांबच लांब वरंबे होते, म्हणजे खडक दाबला-ताणला गेला की पडतात तशा घड्या. मूळ लेखकांनी हे मान्य केलेलं नाही, वाद चालू आहे, पण हा वाद घालायलाच आधी खडकाची तिसरी बाजू बघायची सवय लागते आणि ती फील्डवर उन्हात फिरून लागते. याच ऑलवूड पुढे मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या पिक्सल या, दगडातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या उपकरणाच्या प्रमुख झाल्या. २०२४ च्या जुलैमध्ये त्या गाडीने मंगळावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला एक दगड पाहिला, त्याचा नमुना घेतला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा पेपर आला. त्या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजं असावीत, सोबत सेंद्रिय कार्बन, आणि पृथ्वीवर अशी जोडी चिखलात बरेचदा जिवाणूंच्या उद्योगातून बनते, मात्र जीवाशिवाय बनण्याचे मार्गही आहेत. मंगळावरचा आजवरचा सगळ्यात गंभीर पुरावा म्हणून ज्याच्याकडे बघितलं जातंय तो असा खनिजांच्या ओळखीवर उभा आहे.

आणि आपण कुठे राहतो? बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडावर. मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसॉल्टच. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, असलं विवर पृथ्वीवर अगदी दुर्मिळ, आणि ते आघाताचंच आहे हे १९७३ मध्ये पक्कं झालं ते तिथल्या दगडांवरून. कसं झालं ते एकदा तरी डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. तिथल्या आघात सोसलेल्या दगडाचा कागदापेक्षा पातळ काप घासून काचेवर चिकटवायचा आणि पेट्रोलॉजिकल, म्हणजे दगड तपासायच्या मायक्रोस्कोपखाली क्रॉस निकोलमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन आडव्या-उभ्या चकत्यांमध्ये, ठेवायचा. साध्या बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या स्टेज फिरवली की उजळतात, काळ्या पडतात, परत उजळतात, अंगावर पट्टे दिसतात. लोणारच्या त्या कापात काडीचा आकार तोच, कडा त्याच, पण स्टेज कितीही फिरवा, ती काळीच राहते. आघाताच्या दाबाने स्फटिकाची आतली रचना मोडून त्याची काच झालेली असते, आकार मात्र तसाच. हिला मॅस्केलिनाइट म्हणतात. आणि ही पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत, जी मंगळावरून आलेली आहे हे आपल्याला शंभरावर वर्षांनी कळलं. मंगळाचा दगड बिहारमध्ये पडला, तसलीच काच बुलढाण्यात आहे, आणि आपली मुलं ॲस्ट्रोबायोलॉजी शिकायला फ्लोरिडाचा फॉर्म भरतात!

लोणारचं पाणी म्हणाल तर खारं आणि भरपूर अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा काय काय अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं की क्षारांचं प्रमाण वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्कियाचं ते रंगद्रव्य आहे, पाऊस पडून पाणी पातळ झालं की जाईल, आणि तसंच झालं. आर्किया म्हणजे वर सांगितलेल्या वूज यांनी वेगळे काढलेले तेच. आता असल्या तळ्याच्या काठावर फक्त मायक्रोबायोलॉजी आलेली मुलगी उभी केली तर ती जीव ओळखेल, पण काठावर साचलेल्या कार्बोनेटात त्या जीवाची खूण लाखभर वर्षांनी काय उरेल, हे सांगायला तिला खनिजं यायला हवीत. मंगळावर आपल्याला जिवंत जीव मिळण्यापेक्षा असली उरलेली खूण मिळण्याचीच शक्यता जास्त आहे ना?

जिऑलॉजीवर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. कॉलेजं मोजकी, पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स, गोव्यात मडगावला चौगुले आणि पणजीला धेंपे अशी काही सोडली तर तालुक्याच्या गावी हा विषय मिळतच नाही. कित्येक ठिकाणी मायक्रोस्कोप जुने, फील्ड ट्रिप म्हणजे बस काढून फोटो. मुलींना फील्डवर पाठवायला घरचे कां-कूं करतात. हे सगळं मान्य. पण नोकरीची भीती जी घातली जाते ती उलटी आहे. जिऑलॉजीत एमएस्सी केलेल्याला यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, ओएनजीसी आहे, बोगदे-धरणांची कामं आहेत. ॲस्ट्रोबायोलॉजीचं स्वप्न नाही जमलं तर हातात काय उरतं, या प्रश्नाला नुसत्या फिजिक्सच्या बीएस्सीपेक्षा इथे बरं उत्तर आहे. आणि नेटच्या त्या पेपरचं पूर्ण नावच अर्थ, ॲटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस असं आहे, ग्रहांचा अभ्यास ज्याच्या नावातच आहे असा सीएसआयआरचा दुसरा पेपर नाही.

बीटेकवाल्यांबद्दल थोडक्यात. मधुसूदन स्वतः वाराणसीच्या आयटी-बीएचयूचे, म्हणजे आजच्या तिथल्या आयआयटीचे बीटेक, लेव्हिनही इंजिनिअर, तेव्हा रस्ता बंद आहे असं कोण म्हणेल. ज्याला उपकरणं बनवायचीच हौस आहे त्याने जरूर जावं, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ तंत्रज्ञानाची संस्था तर त्यासाठीच आहे, उपकरणांशिवाय वरची एकही गोष्ट घडली नसती. माझा विरोध आहे तो सेफ राहावं म्हणून आवडत नसलेल्या ब्रँचमध्ये चार वर्षं घालवण्याला. त्या चार वर्षांत ना इंजिनिअरिंग खोल होतं ना विज्ञान, आणि पुढे पगार सुरू झाला की स्टायपेंडवर परत यायची हिंमत फार थोड्यांची होते.

आणि नासा. नासाच्या सरकारी नोकऱ्यांना सर्वसाधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, हे दहावीतल्या पोराला कुणी सांगत नाही. नासाची पासाडेनाची जेपीएल ही प्रयोगशाळा कॅलटेक विद्यापीठ चालवतं म्हणून तिथले नियम थोडे वेगळे, पण २०२४ मध्ये तिथेच शेकडो लोकांना कमी केलं. तेव्हा एका संस्थेवर आयुष्य लावू नका. अहमदाबादला पीआरएल या भौतिकी प्रयोगशाळेत ग्रहविज्ञान आणि खगोलरसायनशास्त्र चालतं, गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा निघतात, कच्छमध्ये माताना मढला जॅरोसाइट हे खनिज आहे जे मंगळावरही सापडलंय, पुण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. यातल्या कुठल्याही जागी शिरायचं तर ते तुमचा मूळ विषय विचारतात.

मायक्रोबायोलॉजीच घ्यायची असेल, आणि महाराष्ट्रात ती शिकवणारी कॉलेजं भरपूर आहेत, काही चांगली शिकवतात, तर घ्या, पण जोडीला केमिस्ट्री किंवा जिऑलॉजी मागून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय, कागदावर मायक्रोबायोलॉजी मेजर आणि जिऑलॉजी मायनर अशी जोडी व्हायला काही हरकत नाही. प्रत्यक्षात बऱ्याच कॉलेजांत टाइमटेबल जुळत नाही म्हणून जे सोयीचं ते मायनर गळ्यात मारतात. इथे पालकांनी भांडायला हवं. ॲडमिशनच्या वेळी प्रिन्सिपॉलना विचारा की तिसऱ्या वर्षाचा मुलगा थिन सेक्शन, म्हणजे दगडाचा तो पातळ काप, स्वतः घासतो की तयार पेटीतला बघतो, स्पेक्ट्रोमीटर बीएस्सीच्या पोरांना लावू देतात की फक्त पीएचडीवाल्यांना, फील्डवर किती दिवस नेता आणि परत आल्यावर नकाशा कोण काढतं. पुणे, मुंबई, नागपूर, संभाजीनगर आणि अमरावती, या विद्यापीठांना मिळून लोणारवर एक सामाईक क्रेडिट कोर्स चालवायला काय अडचण आहे, ज्यात जिऑलॉजी, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीची मुलं एकाच तळ्याचे नमुने घेऊन आपापल्या लॅबमध्ये तपासतील आणि मग एकत्र बसून एकमेकांचे निकाल खोडून काढतील? पुढच्या अकॅडमिक कौन्सिलच्या बैठकीत कुणीतरी हा प्रस्ताव ठेवावा, मसुदा लिहायला मी बसायला तयार आहे.